आठवीनंतर खिचडी थांबते
लेखमाला 'वयात येताना' : लेखांक सहावा

दहा ते चौदा या वयात शरीर किती झपाट्यानं वाढतं, ते आपण गेल्या आठवड्यात पाहिलं. हाडं लांबतात, स्नायू भरतात, अंगातल्या रक्ताचं प्रमाणही वाढतं. या वाढीत लोहाचा तुटवडा फार लवकर जाणवतो. त्यात मुलींना पाळी सुरू होते आणि दर महिन्याला थोडं लोह रक्तावाटे निघून जाऊ लागतं. आयसीएमआर आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या कोष्टकानुसार तेरा ते पंधरा वयाच्या मुलीला दिवसाला ३० मिलिग्रॅम लोह लागतं. प्रौढ पुरुषाला १९ पुरतं. म्हणजे घरात वडिलांपेक्षा आठवीतल्या मुलीची गरज दीडपट आहे. ताट वाढताना हे कुणाच्या ध्यानात नसतं.

बारा ते चौदा वयात रक्तातलं हिमोग्लोबिन डेसिलिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी असलं, तर त्याला रक्तक्षय म्हणतात. देशभर मुलांच्या शिरेतून रक्त घेऊन केलेल्या २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात दहा ते एकोणीस वयाच्या मुलींपैकी ४० टक्के आणि मुलांपैकी १८ टक्के रक्तक्षयी निघाले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी बोटाला टोचून थेंबभर रक्त घेते, त्यामुळे तिचे आकडे चढे येतात आणि दोन्हींची थेट तुलना करू नये. पण तिची स्वतःच्याच आधीच्या फेरीशी तुलना करता येते. पंधरा ते एकोणीस वयाच्या मुलींमध्ये २०१५-१६ ला हे प्रमाण ५४ टक्के होतं, २०१९-२१ ला ते ५९ झालं. याच काळात शाळांतून लोहाच्या गोळ्या वाटल्या जात होत्या.

मग गोळी कुठे अडते? साप्ताहिक लोह व फॉलिक अ‍ॅसिडची योजना २०१३ पासून देशभर आहे. २०१८ मध्ये 'अ‍ॅनिमियामुक्त भारत' आलं, त्यात या निळ्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह ठरलं. वर्षातून दोनदा जंतांची गोळी मिळते, कारण हुकवर्म हा जंत आतड्याला चिकटून रक्तच पितो आणि अनवाणी पायांतून तो अंगात शिरतो. लोहाच्या गोळीत खोट काढण्यासारखं काही नाही. मात्र ती रिकाम्या पोटी घेतली की मळमळतं, पोटात दुखतं. शौचाला काळी होते, ती पाहून मुलं घाबरतात. म्हणून ती जेवणानंतर घ्यायची असते. सातवीपर्यंत, आठवीपर्यंत हे सहज जमतं, कारण शाळेत खिचडी असते. सहावी ते आठवीच्या मुलाला या आहारातून ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा नियम आहे. खिचडी खाल्ली, बाईंसमोर गोळी घेतली, वर पाणी प्यालं, काम झालं.

नववीत खिचडी थांबते. केंद्राचा शालेय पोषण आहार आठवीपर्यंतच आहे. नेमकी याच सुमारास बऱ्याच गावांतली शाळाही संपते आणि मुलगी मोठ्या गावच्या हायस्कूलला जाऊ लागते. सकाळी एसटी किंवा मानव विकासची निळी बस गाठायची, त्याआधी पाणी भरायचं, झाडलोट करायची. पोटात काय, तर चहा आणि फार तर दोन बिस्किटं. अशा पोटी घेतलेली गोळी मळमळल्याशिवाय राहत नाही. दोन आठवडे असं झालं की तिसऱ्या आठवड्यापासून गोळी दप्तरात जाते आणि तिथून कचऱ्यात. गोळीवाटपाच्या नोंदवहीत मात्र ती दिलेलीच असते.

घरात काय घडतं, तेही याच वयाशी जोडलेलं आहे. लहान असताना मुलगी भावाशेजारी बसून जेवते. पाळी आली, जरा मोठी दिसू लागली, की ती वाढणाऱ्यांत जाते आणि मग आईबरोबर शेवटी जेवते. तोवर भाजीचा रस्सा उरलेला असतो, अंडं किंवा मटण असलंच तर त्यातले तुकडे संपलेले असतात. भाकरीची जागाही बऱ्याच घरांत भात-चपातीनं घेतली आहे. १०० ग्रॅम बाजरीत सुमारे ६ मिलिग्रॅम लोह असतं, पांढऱ्या तांदळात एकसुद्धा भरत नाही. बाजरी, नाचणी, राजगिऱ्याचा पाला आणि माठ हे आपल्या रानातलं लोह आहे. त्यापुढे पालकाचा लौकिक जरा जास्तच आहे.

धान्य-भाजीतलं लोह शरीर मोठ्या कष्टानं शोषतं. सोबत लिंबू, आवळा, पेरू, कच्ची कोथिंबीर असं 'क' जीवनसत्त्वाचं काही असेल तर ते जास्त अंगी लागतं. जेवणावर लगेच चहा घेतला, तर त्यातलं टॅनिन लोहाला बांधून ठेवतं आणि ताटातलं बरंचसं लोह वाया जातं. चहा सोडा असं कुणी म्हणत नाही, जेवणानंतर तासभर थांबा एवढंच. लोखंडी कढईत केलेल्या भाजीत थोडं लोह आपोआप उतरतं. नॉनस्टिक घरात आल्यावर कढई माळ्यावर गेली असेल, तर ती खाली काढावी.

रक्त कमी असल्याची लक्षणं बहुधा स्वभावात जमा होतात. मुलगी आळशी झाली, अभ्यासात लक्ष नाही, सारखी झोपते, चिडचिड करते. जिना चढताना धाप लागणं, प्रार्थनेला उभं असताना चक्कर येणं, पाटीवरची पेन्सिल, माती किंवा कच्चे तांदूळ खावेसे वाटणं, या खुणा दिसल्या तर रागावण्याआधी रक्त तपासावं. पाळीच्या सुरुवातीच्या वर्षांत रक्तस्राव अनियमित आणि कधी कधी खूप असतो. सात दिवसांहून जास्त अंगावरून जात असेल, दर दोन तासांनी पॅड बदलावं लागत असेल, तर 'होतं असं' म्हणून सोडून देऊ नये. शाळेतल्या स्वच्छतागृहात पाणी आणि दाराला कडी नसेल, तर मुलगी त्या दिवसांत शाळेलाच जात नाही आणि तिची गोळीही चुकते.

प्रत्येक रक्तक्षय लोहाचाच असतो असंही नाही. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबारकडच्या आदिवासी भागांत आणि विदर्भातल्या काही समाजांत सिकलसेल आहे, त्याचा इलाज लोहाची गोळी नव्हे. शाकाहारी घरांत बी-१२ ची उणीव फार आढळते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांतल्या मातांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास करत आले आहेत. गरोदरपणात पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त वेळा खाणाऱ्या मातांची बाळं अंगानं मोठी निघाली, हे त्यातूनच दिसलं. गरोदरपणात उपचार सुरू केले तर उशीर झालेला असतो, हे ओळखून २०१२ मध्ये त्यांनी त्याच मुलांना, ती किशोरवयात असताना, बी-१२ द्यायला सुरुवात केली. पुढच्या पिढीची तयारी याच वयात करावी लागते, हा त्यामागचा विचार.

यात लग्नाचं वय येतंच. महाराष्ट्रात २०१९-२१ ला वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी जवळपास २२ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. हिमोग्लोबिन दहावर असलेली मुलगी सोळाव्या वर्षी सासरी गेली आणि सतराव्या वर्षी बाळंत झाली, तर तिला रक्त भरून काढायला वेळच मिळत नाही. पैठण तालुक्यातल्या पाचोडच्या आरोग्य व्यवस्थापन संस्थेनं नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आसपासच्या गावांत मुलींसाठी संध्याकाळचा तासाभराचा वर्ग वर्षभर चालवला. शिकवणाऱ्या बाया गावातल्याच होत्या. आरोग्य, बँकेचं काम, पंचायतीचं काम असे विषय होते. त्या गावांत लग्नाचं मध्यक वय सोळावरून सतरावर गेलं. एक वर्ष ऐकायला थोडं वाटतं, पण या वयात ते फार मोठं आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. तमिळनाडू, कर्नाटक, आंध्र आणि तेलंगणानं शाळेतलं जेवण दहावीपर्यंत नेलं आहे, वरच्या वर्गांचा खर्च ती राज्यं स्वतः करतात. गरज सर्वांत जास्त असताना जेवण बंद करणं हे आपल्याकडचं धोरण चुकीचं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. महाराष्ट्रानं नववी-दहावीची खिचडी सुरू करावी. ते होईपर्यंत वाचकांनी तीन गोष्टी कराव्यात. येत्या पालकसभेत विचारा, की हायस्कूलमध्ये गोळी कधी देतात आणि त्याआधी मुलांच्या पोटात काय असतं. गोळीच्या दिवशी मुलीला आणि मुलालाही भाकरी-भाजीचा डबा द्या, त्यात लिंबाची फोड ठेवा. आणि आज रात्रीपासून घरातल्या मुलीला पहिल्या पंगतीत बसवा.

(पुढील लेखांक : झोप आणि मोबाइल)