संक्रांतीचे वाण आणि सागरपारचे पिंप

मकरसंक्रमणाचा पुण्यकाळ हा आपल्याकडे दानाचा काळ मानला आहे. भोगीची खिचडी, सुगडात भरलेल्या गव्हाच्या ओंब्या, हरभरे, बोरे, उसाची कांडी आणि तिळगूळ यांतील प्रत्येक वस्तू प्रथम देवापुढे ठेवावयाची आणि मग दुसऱ्याच्या हाती द्यावयाची असते. जे शेतात पिकले ते घरातच राहू नये, हा या सणाचा गाभा होय. या पर्वाच्या निमित्ताने आम्ही वाचकांपुढे एका दूरच्या दानाची कथा ठेवीत आहोत. ते देणारे आपल्या धर्माचे नव्हते. परंतु धर्म कशाला म्हणावे, हे त्यांच्या कृतीतून आपणांस उमगावे असे आहे.

२०२२ साली संक्रांत शुक्रवारी, १४ जानेवारीस आली. दुसरा दिवस किंक्रांतीचा, म्हणजे करिदिनाचा. त्या शनिवारी आपल्याकडे सकाळचे पावणेदहा वाजण्याच्या सुमारास, प्रशांत महासागरातील टोंगा या बेटांच्या राज्यात सायंकाळचे सव्वापाच होत होते. त्याच वेळी हुंगा टोंगा-हुंगा हाआपाई या सागरगर्भातील ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला. राखेचा स्तंभ आकाशात ५० किलोमीटरांहून अधिक उंच गेला. हवेतील दाबाची लाट पृथ्वीभोवती फिरली आणि तिची नोंद जगभरच्या वायुभारमापकांनी केली. पृथ्वीवर नवा दिवस ज्या थोड्या देशांत सर्वांआधी उगवतो, त्यांपैकी टोंगा एक. त्या सायंकाळी तेथे सूर्यास्तापूर्वीच काळोख पडला आणि आकाशातून राख बरसू लागली. पाठोपाठ समुद्र खवळून आला.

टोंगात सुमारे १७० बेटे आहेत. वस्ती त्यांतील ३६ बेटांवर, आणि एकूण लोकसंख्या लाखाच्या आसपास. मांगो नावाच्या चिमुकल्या बेटावरील एकही घर उभे राहिले नाही. फोनोइफुआ बेटावर केवळ दोन घरे उरली. मनुष्यहानी सुदैवाने थोडी झाली, पण जगण्याची साधने हिरावली गेली. तेथील बहुसंख्य कुटुंबे छपरावरून टाक्यांत साठविलेले पावसाचे पाणी पितात. त्या पाण्यात राख मिसळली. अळकुड्यांसारखी कंदमुळे हे तेथील मुख्य अन्न; त्या मळ्यांवरही राखेचा थर बसला. विमानतळाची धावपट्टी राखेखाली गेल्याने मदतीची पहिली विमाने २० जानेवारीस उतरू शकली. समुद्राच्या तळाशी असलेली संपर्काची तार तुटली आणि टोंगाचा शब्द जगाला ऐकू येईना.

हे मौन सर्वाधिक झोंबले ते न्यूझीलंडमधील टोंगन समाजाला. तेथे ८० हजारांहून अधिक टोंगन वंशाचे लोक राहतात. त्यांतील बहुतेक ऑकलंड नगरात. कोणाची आई बेटावर, कोणाचा भाऊ, कोणाची वृद्ध आत्या. आणि त्यांतील कोण जिवंत आहे, हे कळावयास मार्ग नाही. दुसरा दिवस रविवारचा. एकोणिसाव्या शतकात टोंगाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि १८७५ च्या राज्यघटनेने रविवार पवित्र ठरविला. त्या रविवारी ऑकलंडमधील टोंगन चर्चमध्ये लोक प्रार्थनेस जमले. अश्रू होतेच, पण प्रार्थना अश्रूंपाशी थांबली नाही. थोड्याच दिवसांत प्रार्थनेचे हात पिंपे भरू लागले.

पिंप ही टोंगन घरातील ओळखीची वस्तू. परदेशी गेलेल्या मुलाने गावी जिन्नस धाडावयाचे ते प्लॅस्टिकच्या मोठ्या पिंपात भरून, झाकण घट्ट आवळून, वर नातलगाचे नाव लिहून, ही तेथील जुनी रीत. आता तांदूळ, पीठ, साखर, डबाबंद मांस-मासळी आणि पिण्याचे पाणी यांनी पिंपे भरली जाऊ लागली. टोंगन समाजाच्या साहाय्य समितीने माउंट स्मार्ट क्रीडांगणावर संकलन मांडले. तेथे मोटारींच्या लांब रांगा लागल्या. निरनिराळ्या ख्रिस्ती पंथांची मंडळी, एरव्ही आपापल्या चर्चमध्ये वेगळी बसणारी, येथे एकाच कामाला लागली. डझनावारी कंटेनर भरून जहाजांवर चढले. न्यूझीलंडमध्ये त्या वेळी कोविडमुळे गर्दीवर निर्बंध होते, आणि टोंगात तोवर साथ पसरलेली नव्हती. दात्याची व्याधी अन्नाबरोबर बेटावर जाऊ नये, म्हणून बाहेरून आलेला माल काही काळ वेगळा ठेवूनच हाताळला जाई. ज्याला मदत करावयाची त्याला स्पर्शही करावयाचा नाही, असे ते विलक्षण दान होते.

हे वृत्तान्त वाचताना आमच्या मनात एक शंका आली. पिंपावर स्वतःच्या भावाचे नाव लिहिले, तर ते दान कसले? ते तर घरचे कर्तव्य! परंतु टोंगन भाषेत ‘काइंगा’ म्हणून जो शब्द आहे, त्यात आई-बाप-मुले एवढेच येत नाहीत. सारा गोतावळा येतो. पिंपावर नाव एकाचे असले, तरी आतले अन्न एकट्याचे राहत नाही. शिवाय नाव लिहिताना तो भाऊ जिवंत आहे की नाही हेही ठाऊक नसेल, तर पोचेची आशा कोठली आणि आभाराची तरी कोठली? गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार वर्णिले आहेत. परतफेडीची अपेक्षा न ठेवता, योग्य स्थळी, योग्य समयी, योग्य व्यक्तीस दिलेले दान सात्त्विक, असे भगवंतांचे सांगणे. राखेने झाकलेले बेट हे स्थळ, तहान-भुकेची वेळ हा समय आणि ज्याची टाकी नासली तो मनुष्य हे पात्र! गीता न वाचलेल्या त्या मंडळींनी तिच्या आशयाची केवढी उपासना केली!

पाच आठवड्यांनी तार पुन्हा जोडली गेली. मांगोच्या रहिवाशांना एउआ बेटावर नवी घरे मिळाली. आटाटा बेटाच्या लोकांसाठी टोंगाटापू या मुख्य बेटावर वस्ती उभारण्यात आली. ज्यांचे बेट सुटले, त्यांचे दुःख पिंपभर तांदळाने भरून निघणारे नव्हे, हे खरेच. तथापि संकटाच्या पहिल्या दिवसांत कोणीतरी आपली आठवण ठेवली, हा आधार अन्नाइतकाच मोलाचा असतो.

आता आपल्या घराकडे वळू. हळदीकुंकवाला आपण जे वाण लुटतो, ते बहुधा कोणाच्या घरी जाते? ज्यांच्या घरून आपल्याकडे वाण येते, त्यांच्याच. वस्तू इकडून तिकडे जाते, आणि वर्षअखेर कपाटातील वाट्या तेवढ्या वाढतात. या प्रथेतील स्नेह आम्ही कमी लेखीत नाही. परंतु देवघरापुढे मांडलेल्या सुगडांत एक सुगड अशा घरासाठी भरावे, जेथून परतीचे वाण येणार नाही. पुराने, आगीने वा आजाराने गांजलेले घर शोधावयास सागर ओलांडण्याची गरज पडू नये. त्या घरी शिधा पोचवावा आणि निघताना हातावर तिळगूळही ठेवावा. असे वाण सूर्यनारायणास खचितच पावेल.