नकारात्मक मतदान : 'नोटा'चे स्वरूप

प्रस्तुत लेखात 'नोटा'चे स्वरूप स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 27 सप्टेंबर 2013 च्या निकालामुळे गुप्तता राखून सर्व उमेदवार नाकारण्याची सोय मतदारास मिळाली. 1982 साली आपल्याच जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या लातूर जिल्ह्यात, लातूर ग्रामीण मतदारसंघात, 2019 च्या विधानसभा निवडणुकीत 'नोटा' सुमारे 27 हजार 500 मतांसह दुसऱ्या क्रमांकावर राहिले. निकालावर परिणाम मात्र शून्य! 'नोटा'चे मत कोणाच्याही मतांतून वजा होत नाही. ते सर्वाधिक असले तरी त्याखालोखाल मते मिळवणारा उमेदवारच विजयी होतो. हा नकार बोथटच म्हणावा लागेल. महाराष्ट्र राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर 2018 च्या आदेशान्वये स्थानिक निवडणुकांत 'नोटा'स काल्पनिक उमेदवार मानले. ते आघाडीवर राहिल्यास फेरनिवडणूक होते. फेरनिवडणुकीतही तसेच घडल्यास मात्र 'नोटा' वगळून सर्वाधिक मतांचा उमेदवार निवडून आल्याचे घोषित होते.