लिदीचा ढीग गटानेच लावावा

पिंपळे गुरवमधून आम्ही बोलतोय.

आमचं गाव पवनेच्या काठचं. शेतं इमारतींखाली गेली, पण घोडी काही गेली नाही. लग्नसराईत वरातीला ती लागतेच. खेड, मावळकडे तर बैलगाडा शर्यतीत बैलांच्या पुढे पळायला घोडीच लागते. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना सशर्त परवानगी दिली, मे २०२३ मध्ये घटनापीठानेही ती मान्य केली, आणि घाट पुन्हा गाजू लागले. आता दारात घोडी म्हटली की लीद आलीच. मोठ्या जनावराची लीद आणि मूत मिळून दिवसाला २० ते २५ किलो होते. मालक म्हणतो, न्या फुकट. मग गोणी भरून आणायची आणि शेणासारखी थेट वांग्याच्या बुडात घालायची, असं सर्रास चालतं. तसं करू नका, एवढंच सांगायला आज आलोय.

लीद म्हणजे शेण नव्हे. गाय रवंथ करते, चारा दोनदा चावते, चार कप्प्यांच्या पोटात मुरवते. घोड्याचं तसं नाही. त्याच्या पोटातून चारा अर्धाकच्चा बाहेर पडतो आणि त्याबरोबर गवताचं बीही जिवंत येतं. ताजी लीद वाफ्यात टाकली तर पुढे वर्षभर खुरपं हातातून सुटत नाही. शिवाय ती शेणापेक्षा कोरडी आणि भुसभुशीत असते. आत हवा खेळते, म्हणून ढीग लावला की भराभर तापतो. हा ताप कोवळ्या मुळांना पोळतो, पण ढिगात तोच आपल्या कामाचा. एकोणिसाव्या शतकात पॅरिसभोवतालचे माळी ताज्या लिदीच्या उबेवर ऐन थंडीत भाजी पिकवत. आपल्याला त्या उबेवर तणाचं बी आणि जंतांची अंडी मारायची आहेत. त्यासाठी ढिगाच्या पोटात ५५ ते ६० अंश उष्णता काही दिवस टिकायला हवी.

एका गोणीत किंवा गच्चीवरच्या बादलीत ती टिकत नाही. लांबी, रुंदी, उंची तीन-साडेतीन फूट असेल तेव्हाच आतली ऊब आत राहते. एका घोडीची साधारण दोन आठवड्यांची लीद आणि वर पालापाचोळा, एवढा माल त्याला लागतो. एकटीच्या आवाक्यातलं हे काम नाही. पाच-सहाजणींनी मिळून लावलं तर सोपं जातं.

खाली तुराट्या किंवा जाड काटक्या पसरा, म्हणजे बुडातून हवा लागेल. वर लीद आणि पाचोळा थरावर थर द्या. तबेल्यातून पेंढ्यासकट लीद आली असेल तर वेगळा पाचोळा घालू नका. लाकडाचा भुसा अंथरलेल्या तबेल्यातली असेल तर मात्र सावध राहा. भुसा कुजताना नत्र खाऊन बसतो. अशा ढिगात गिरिपुष्पाचा पाला, भाजीची देठं, गोमूत्र असं ओलं-हिरवं भरपूर घाला. ओल किती हवी? मूठभर माल घट्ट पिळला की बोटांतून थेंब-दोन थेंब यावेत, धार नको.

तीन-चार दिवसांनी लोखंडी सळई मध्यापर्यंत खुपसा, पाच मिनिटांनी काढून हात लावा. धरवत नसेल तर ढीग छान पेटलाय. आठ-दहा दिवसांनी ताप उतरू लागला की कडेचं आत, आतलं कडेला असं उलथा. कडेचा माल तापलेलाच नसतो, बी तिथेच जगतं. असं तीन-चार वेळा करा. आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या नारायण देवराव पांढरीपांडे यांची नाडेप टाकी (१० बाय ६ बाय ३ फुटांची, जाळीदार विटांची) थोड्या शेणात भरपूर काडीकचरा कुजवायला उत्तम. पण टाकीतला माल उलथत नाहीत, म्हणून लिदीला आम्ही उघडा ढीगच पसंत करतो. पावसाळ्यात वर ताडपत्री हवी. जागा उंचावर, विहीर आणि नाल्यापासून लांब निवडा. आमच्याकडे धरणातून पाणी सोडलं की नदीकाठचा सखल भाग बुडतो. तिथे ढीग लावला तर सगळं खत पवनेत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. घोड्याच्या आतड्यात धनुर्वाताचे जंतू असतात. त्यांचे बीजाणू ढिगाच्या तापानेही मरत नाहीत, मातीत वर्षानुवर्षं राहतात. आपल्या टाचा भेगाळलेल्या, बोटं विळ्याने कापलेली, आणि काम अनवाणी. म्हणून बूट, हातमोजे घाला, जखम झाकूनच हात घाला, नंतर साबणाने धुवा. धनुर्वाताचं इंजेक्शन, ज्याला आता टीडी म्हणतात, घेऊन दहा वर्षं झाली असतील तर ढिगाला हात लावण्याआधी आरोग्य केंद्रात विचारा. गरोदरपणातलं आठवतं, पण त्यानंतर कोण हिशेब ठेवतं? बाळ-बाळंतिणींचा धनुर्वात देशातून हटल्याचं २०१५ मध्ये जाहीर झालं, ते लस आणि स्वच्छ बाळंतपणामुळे. माती आणि लीद तीच आहे. गंमत अशी की आमच्या शेजारी पिंपरीत हाफकिनचे घोडे आहेत. सापाच्या विषावरचं औषध त्यांच्याच रक्तातून बनतं.

आजारी घोड्याची लीद आणूच नका. नाकातून घट्ट स्राव, अंगावर गाठी किंवा फोड दिसले तर तो ग्लँडर्स असू शकतो. तो माणसालाही होतो. लगेच पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. मालकाला जंताच्या औषधाबद्दलही विचारा. नुकतंच दिलं असेल तर ती लीद गांडुळांना घालू नका.

दोन-अडीच महिन्यांनी ढीग थंड, काळसर झाला, मातीचा वास येऊ लागला की आणखी महिनाभर मुरू द्या. मग एका कुंडीत अर्धं खत, अर्धी माती घालून मूग पेरा, दुसऱ्या कुंडीत नुसत्या मातीत. खताच्या कुंडीतली पानं वळली, पिळवटली तर चाऱ्यावर तणनाशक मारलेलं होतं असं समजा आणि ते खत भाजीला देऊ नका. मूग नीट वाढला तर कुंडीला तीन भाग मातीत एक भाग खत, वांगी-टोमॅटोला लावणीच्या वेळी खड्ड्यात दोन ओंजळी. कच्ची खायची कोथिंबीर, मुळा असेल त्या वाफ्यात ताजी लीद नकोच. चुकून पडलीच तर काढणीपर्यंत चार महिने जाऊ द्यावेत.

खत चाळल्यावर वर उरलेला जाड चोथा फेकू नका. तो पुढच्या ढिगाच्या तळाला घाला, नवा ढीग लवकर तापतो.