पडदा, कर्णा आणि पावसाळा



बेणेप्रक्रिया पडद्यावर दाखवली की चटकन पटते, म्हणून आमच्या गट कार्यालयांत आता प्रोजेक्टर, कर्णा, संगणक आहेत. पण ते पावसाळ्यात सांभाळायला हवेत.

घाटाखालच्या महाड-पोलादपूरचे बघा. महाबळेश्वरी उगम पावणारी सावित्री पोलादपूरवरून महाडला जाते. २२ जुलै २०२१ रोजी पुराचे पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरले, तळमजल्यावरचे सामान चिखलात गेले.

यावरून आम्ही धडा घेतला. पाऊस वाढला की मेन स्विच बंद करून यंत्रे माडीवर न्यावीत. भिजलेले यंत्र ‘बघू चालतंय का’ म्हणून लावू नये. आम्हीच एकदा मेळाव्याच्या घाईत ओला ॲम्प्लिफायर लावला, तो जळाला, अन् सभा ओरडून उरकली!

दमट हवेत भिंगाला बुरशी धरते. ते सिलिका जेलच्या पुडीसह बंद डब्यात ठेवावे. दिव्याच्या प्रोजेक्टरचा पंखा थांबेपर्यंत पिन काढू नये.

शेवटचे, पण महत्त्वाचे. संगणकातील ऊसनोंदीची एक प्रत दुसऱ्या गावी ठेवावी. यंत्र नवे आणता येते. नोंदच गेली तर तोडीची पाळी कोणाला विचारायची?