सोबत आणि पंगत

ख्रिस्ती विचारातील सोबतीची कल्पना आपल्याकडे लग्नाच्या उपदेशापुरतीच ठाऊक असते. मी ख्रिस्ती नाही. पण ज्यांनी बंधुता हे जगण्याचे मूल्य मानले, त्यांनी ही कल्पना मुळातून तपासली पाहिजे, असे मला वाटते.

बायबलच्या उत्पत्ती या पहिल्या ग्रंथात देव एकेक गोष्ट निर्माण करतो आणि ती चांगली आहे असे म्हणतो. 'चांगले नाही' हा शेरा प्रथम येतो तो माणसाच्या एकटेपणावर. तोवर पाप घडलेले नाही. म्हणजे एकटेपणा ही पापाची शिक्षा नव्हे आणि सोबत हवीशी वाटणे हा दुबळेपणाही नव्हे. ती गरज माणसाच्या घडणीतच आहे. देव जवळ असूनही माणसाला माणूस लागतो. तिथे जोडीदारासाठी 'एझेर', म्हणजे साहाय्यक, हा हिब्रू शब्द आहे. स्तोत्रांत तोच शब्द देवासाठी येतो. तेव्हा साहाय्यक म्हणजे सेवक नव्हे. मालक आणि सालदार एका वाड्यात जन्म काढतील, पण त्याला सोबत म्हणता येणार नाही. सोबत बरोबरीच्यांचीच होते.

येशूलाही ही गरज चुकली नाही. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत त्याने पेत्र, याकोब आणि योहान यांना आपल्याबरोबर जागे राहायला विनवले. ते झोपी गेले.

या सोबतीची कसोटी कोणती? जेवण. इंग्रजीतील 'कंपॅनियन' हा शब्दच लॅटिनमधील 'बरोबर' आणि 'भाकरी' या अर्थाच्या दोन शब्दांतून आला आहे. येशूवरचा मोठा आरोप हाच होता, की तो जकातदारांच्या आणि पापी ठरवलेल्यांच्या पंगतीला बसतो. पुढे अंत्युखियात पेत्र परजातीयांबरोबर जेवत असे. स्वकीयांच्या भीतीने तो मागे सरला, तेव्हा पौलाने त्याला सर्वांसमोर जाब विचारला. करिंथच्या मंडळीत खाऊनपिऊन तृप्त झालेले आणि उपाशी राहिलेले एकाच भोजनाला जमत. त्या भोजनाला प्रभुभोजन म्हणायलाही पौल तयार नव्हता.

रोटीबंदी सोसलेल्या समाजाला हे समजावून सांगावे लागत नाही. घरातला पहिला पदवीधर होण्यासाठी मी वसतिगृहात राहिलो. खोलीत आम्ही तिघे होतो. जेवताना मी एकटा असे. एकटेपणा ही मनाची अवस्था आहे असे मानसशास्त्राचे पुस्तक सांगते, तेव्हा मला ते अर्धेच सत्य वाटते. जातीने एकटेपणाची रीतसर व्यवस्था लावली आहे.

ही व्यवस्था भारतातील चर्चमध्येही शिरली. तमिळनाडूत तिरुचिरापल्लीच्या ख्रिस्ती दफनभूमीत दलितांच्या कबरी वेगळ्या करणाऱ्या भिंतीविरुद्ध दलित ख्रिश्चनांना लढावे लागले. मेल्यावरही सोबत नाही! २०१६ साली कॅथलिक बिशपांच्या राष्ट्रीय परिषदेने दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर करताना चर्चमधील जातिभेद मान्य केला. ही कबुली महत्त्वाची आहे, पण कबुलीने भिंत पडत नाही.

बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलन' या निबंधात सहभोजन पुरेसे नाही, असे बजावले होते. रक्ताचे नाते जुळल्याशिवाय परकेपणा जाणार नाही, हा त्यांचा मुद्दा. सोबतीच्या ख्रिस्ती कल्पनेलाही तो लागू पडतो. एका वेदीसमोर भाकर घेणारे लग्न जुळवताना जात पाहत असतील, तर वेदीपाशी सोबत झाली नाही. नुसती गर्दी झाली. जी धर्मसंस्था सोबतीचा उपदेश करते, तिला प्रश्न एवढाच विचारावा: तुमच्या पंगतीत, सोयरिकीत आणि स्मशानात माझ्या शेजारी कोण आहे?