दारू सोडण्यासाठी आधारगटाची सभा कशी शोधावी?

उपचार घेऊन घरी परतल्यावर खरी कसोटी सुरू होते. अशा वेळी दारू सोडलेल्या व्यक्तींच्या नियमित सभांचा मोठा आधार मिळतो.

कोठे चौकशी करावी?
• सामाजिक न्याय व अधिकारिता मंत्रालयाची निःशुल्क व्यसनमुक्ती हेल्पलाइन: १४४४६.
• जवळचे व्यसनमुक्ती व पुनर्वसन केंद्र किंवा शासकीय रुग्णालयातील मानसोपचार विभाग.
• अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस (ए.ए.). ही शासकीय योजना नाही. दारू सोडण्याची इच्छा, एवढीच सदस्यत्वाची अट आहे. शुल्क नाही, ओळख गुप्त राहते.

फोनवर काय विचारावे?
• सभेचा वार, वेळ, ठिकाण आणि भाषा. परराज्यात राहत असल्यास भाषा आवर्जून विचारा.
• सभा खुली की बंद? खुल्या सभेला कुटुंबीयही येऊ शकतात. बंद सभा फक्त दारू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी असते.
• ऑनलाइन सभा होते का?

कुटुंबीयांसाठी
अल-ॲनॉन हे मद्यपींच्या नातेवाइकांचे स्वतंत्र गट आहेत. घरातील व्यक्ती दारू सोडण्यास तयार नसली, तरीही तुम्ही जाऊ शकता.

महत्त्वाचे
रोज जास्त दारू पिणाऱ्याने ती डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय एकाएकी बंद करू नये. झटके येणे, भ्रम होणे ही जिवाला धोक्याची लक्षणे आहेत. रुग्णाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे. सभा हा वैद्यकीय उपचारांना पर्याय नाही.

मध्येच पुन्हा दारू घेतली गेली, तरी सभेला जाणे थांबवू नका.