चिपाड, पऱ्हाटी आणि तेल-पाण्याची तडजोड

वैशाखाच्या उन्हात शनिवार पेठेतून जाताना रसवंतीच्या चरकाचे घुंगरू ऐकू येतात. रस आपण पितो. पलीकडे पडलेल्या चिपाडाकडे कोणी पाहत नाही. आज त्याच्याविषयीच बोलावयाचे आहे.

तेल आणि पाणी घुसळले की क्षणभर एकजीव दिसतात. मग तेलाचे थेंब एकमेकांस मिळून मोठे होतात व वर येतात. हे थांबविण्यासाठी तिसरा कोणी लागतो. कढी फुटू नये म्हणून आपण ताकाला डाळीचे पीठ लावतो, ते याच्या जवळचेच काम होय: पिठाने पाणी दाटते आणि कणांना गोळा होता येत नाही. आइस्क्रीमच्या वेष्टनावर कित्येकदा ४१२ वा ४६६ असे आकडे असतात. ४१२ म्हणजे गवारीच्या बियांचा डिंक. ४६६ हा सेल्युलोजवर रासायनिक क्रिया करून केलेला पदार्थ. त्यासाठी सेल्युलोज लाकडाच्या लगद्यातून किंवा सरकीवरच्या आखूड तंतूंतून घेतात.

मग चिपाडातून का नको? वाळल्या चिपाडात शेकडा ४० च्या आसपास सेल्युलोजच असते; पण लिग्निन नावाच्या चिकट द्रव्याने ते जखडलेले असते. कॉस्टिक सोड्यात शिजवून लिग्निन काढावे लागते. उरलेला लगदा पाण्यात कालवून प्रचंड दाबाखाली अरुंद फटीतून पुनःपुन्हा दामटला, की दोरखंडाचा पीळ सुटावा तसा तंतू उकलत जातो. ९८ भाग पाण्यात असे २ भाग तंतू असले तरी खळीसारखा गोळा बनतो. त्या जाळ्यात तेलाचे थेंब अडकतात. काही तंतू तर थेंबाच्या कडेवरच ठाण मांडतात. घन कणांच्या अशा पहाऱ्याचे वर्णन इंग्रज रसायनज्ञ पिकरिंग याने १९०७ साली केले. आम्हां युनियनवाल्यांना पिकेटिंग ठाऊक; हे पिकरिंगही त्याच वळणाचे!

नागपुरी संत्र्याच्या सालीतले पेक्टिन त्याहून सोपे. गरम आम्लपाण्यात ते उतरते व अल्कोहोलने साखळते. मात्र साल लगेच उकळून वाळवावी लागते, नाहीतर तिच्यातलीच विकरे पेक्टिन बिघडवतात.

मुंबईत माटुंग्याला १९२४ पासून कापसावर संशोधन करणारी संस्था आहे. सेल्युलोजचे असे अतिसूक्ष्म तंतू काढण्याचे प्रायोगिक यंत्रही तिने उभारले. विद्या आहे; प्रश्न हिशेबाचा आहे. साखर कारखान्यातले चिपाड टाकाऊ नव्हेच. ते बॉयलरमध्ये जळते, त्यावर वीजही होते. ते काढून घेतले तर बॉयलरला दुसरे जळण पाहावे लागेल. विदर्भातली पऱ्हाटी पुष्कळदा बांधावर जाळतात हे खरे, पण भूमिहीन बाईची चूलही तिच्यावरच पेटते. कारखान्याने ती टनावारी उचलली, तर त्या बाईला मोळीचा भाव कोण देणार? आणि लगदा शिजविल्यावर उरलेले काळे सोडापाणी कोणत्या ओढ्यात जाणार, सोड्याच्या टाकीपाशी उभ्या राहणाऱ्या कामगाराला हातमोजे, गमबूट आणि कायमची नोकरी मिळणार की तो ठेकेदाराचाच राहणार, हे करारात पहिल्याच पानावर लिहून घ्यावे, असे माझे मत आहे.